कोनसंच : कोनांच्या जोड्या हाताळून शिकवणारी लाकडी पेटी

सातवीत कोनांच्या जोड्या शिकवल्या जातात, आठवीत समांतर रेषा व छेदिका येतात आणि नववीत त्याच गोष्टी पुन्हा, पण या वेळी सिद्धतेसह, विद्यार्थ्यासमोर उभ्या राहतात. या तीन वर्षांत ज्याच्या मनात कोनांचे परस्परसंबंध पक्के होत नाहीत, त्याला दहावीतील समरूपता आणि वर्तुळ ही प्रकरणे पाठांतराच्या जोरावरच पार करावी लागतात, हे सोलापुरात गणिताच्या शिकवण्या घेताना मी सातत्याने पाहत आले आहे. त्यामुळे नवी पेठेतील शालेय साहित्याच्या एका दुकानात, निर्मात्याचे नाव नसलेली आणि झाकणावर ‘कोनसंच’ एवढेच छापलेली पेटी दिसली तेव्हा ती घेतली, मुलांच्या हातात दिली आणि सातवी, आठवी व नववी अशा तिन्ही इयत्तांसाठी वापरून झाल्यावरच तिच्याविषयी लिहायचे ठरवले.

पेटीची किंमत ५४० रुपये आहे. आत हलक्या लाकडाच्या पाच पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टी ३० सेंटीमीटर लांब असून तिच्यावर ठरावीक अंतराने भोके पाडलेली आहेत. भोकातून पितळी स्क्रू घालून वरचा नट हाताने आवळला की दोन पट्ट्या एकमेकींवर फिरू लागतात. याशिवाय पूर्ण वर्तुळाचे दोन पारदर्शक कोनमापक, गुण्यांची एक जोडी, ॲक्रिलिकचे कापलेले रंगीत कोन, कागदी त्रिकोणांची गड्डी, प्रश्नांच्या पत्त्यांचा संच आणि एक मराठी पुस्तिका असा ऐवज आहे. पट्टीला रुंदी असते आणि किरणाला नसते, त्यामुळे अशा साहित्यात कोनाची भुजा नेमकी कोठे धरायची हा प्रश्न मुलांना पडतो. येथे प्रत्येक पट्टीच्या मध्यावरून, सर्व भोकांच्या केंद्रांतून जाणारी काळी रेघ ओढलेली आहे, त्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही. ज्याने ही पेटी घडवली त्याला मुलांच्या अडचणी जवळून ठाऊक आहेत, हे या एका रेघेवरून कळते.

पाठ्यपुस्तकातील किंवा फळ्यावरील आकृती एका मापावर थांबलेली असते. रेषीय जोडीची, म्हणजे एका सरळ रेषेवर शेजारी शेजारी असलेल्या दोन कोनांची, आकृती बहुतेक वेळा ६० आणि १२० अंशांच्या आसपास काढली जाते आणि मूल ते चित्रच व्याख्या म्हणून लक्षात ठेवते. मग परीक्षेत कोन ७३ अंशांचा आला किंवा आकृती उलटी काढलेली असली की त्याला ती जोडी ओळखता येत नाही. या पेटीत एक पट्टी टेबलावर स्थिर ठेवून तिच्या मध्यभागी दुसऱ्या पट्टीचे टोक बसवले आणि ती हळूहळू फिरवली की एक कोन जितका वाढतो नेमका तितकाच दुसरा कमी होतो, आणि बेरीज १८० अंशांवरून हलत नाही, हे डोळ्यांसमोर घडते. मापे बदलत असताना संबंध टिकून राहतो, हे मुलाला स्वतःच्या हाताने अनुभवता येणे हाच या पेटीचा सर्वांत मोठा गुण आहे. पट्टी फिरवत फिरवत स्थिर पट्टीच्या अगदी जवळ नेली की एक कोन शून्याकडे आणि दुसरा सरळ कोनाकडे जातो, आणि रेषीय जोडीचे टोकाचे रूप कसे असेल याचा विचार मुले न सांगता करू लागतात.

रेषीय जोडीतील कोन आणि पूरक कोन यांमधील फरक हा सातवीतील पहिला खरा अडथळा असतो. रेषीय जोडीतील कोन संलग्न असावे लागतात, म्हणजे त्यांचा शिरोबिंदू एकच असतो, एक भुजा सामाईक असते, अंतर्भाग वेगळे असतात आणि सामाईक नसलेल्या दोन भुजा एका सरळ रेषेत येतात. पूरक कोनांसाठी मात्र मापांची बेरीज १८० अंश असणे एवढेच पुरते, मग एक कोन या वहीत असो आणि दुसरा पलीकडच्या वहीत असो. ॲक्रिलिकचे सुटे कोन येथे फार उपयोगी पडतात. १३० अंशांचा तांबडा तुकडा खोलीच्या एका कोपऱ्यात आणि ५० अंशांचा निळा तुकडा दुसऱ्या कोपऱ्यात ठेवून हे पूरक आहेत का असे विचारले, की सुरुवातीला बरीच मुले नाही म्हणतात. मग ते दोन्ही आणून कडेला कड लावली की रेषीय जोडी तयार होते आणि उत्तर दुरुस्त होते. दोन तुकडे एकावर एक ठेवले तर शिरोबिंदू आणि एक भुजा सामाईक असूनही ते संलग्न का नाहीत, हे त्याच तुकड्यांनी दाखवता येते. व्याख्येतील ‘अंतर्भाग वेगळे’ हा शब्दप्रयोग मुले एरवी वाचून सोडून देतात, तो येथे अर्थासह लक्षात राहतो.

कोटिकोनांच्या बाबतीत मात्र संच अपुरा आहे. बेरीज ९० अंश होईल असे तुकडे ३० व ६० आणि ४५ व ४५ एवढेच दिलेले आहेत, आणि हेच कोन गुण्यांवरही आहेत. २३ आणि ६७ अशी एखादी आडमापाची जोडी दिली असती तर कोटिकोन म्हणजे गुण्याचे कोन हा समज रुजला नसता. शिवाय प्रश्नांच्या दोन पत्त्यांवर ९० अंश बेरीज असलेल्या कोनांना पूरक म्हटले आहे. ही चूक हिंदी मजकुरावरून आलेली दिसते, कारण हिंदीत तशी परिभाषा आहे. पण मराठी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकांत ९० अंशांच्या जोडीला कोटिकोन म्हणतात आणि पूरक म्हणजे १८० अंशांची जोडी. सोलापुरातील अनेक मुले मोबाइलवर हिंदी व्हिडिओ पाहून गणित शिकतात आणि या ठिकाणी त्यांचा गोंधळ आधीच झालेला असतो, म्हणून पेटी मुलांच्या हाती देण्यापूर्वी ते दोन पत्ते शोधून दुरुस्त करावेत.

कोनमापकाविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल. पेटीतील वर्तुळाकार कोनमापकाच्या केंद्राला भोक आहे आणि ते स्क्रूच्या डोक्यावर नेमके बसते, त्यामुळे शिरोबिंदू आपोआप जुळतो आणि माप लवकर मिळते. परंतु मुलाच्या स्वतःच्या कंपासपेटीतील अर्धवर्तुळाकार कोनमापक तसा नसतो. त्यावर शून्याची रेघ प्लॅस्टिकच्या कडेपासून काही मिलिमीटर आत असते आणि बरीच मुले रेघेऐवजी कडच भुजेवर ठेवतात. शिवाय त्यावर आतली आणि बाहेरची अशा दोन उलटसुलट मोजपट्ट्या असतात. चुकीची मोजपट्टी वाचली की ५० अंशांचा कोन १३० अंशांचा होतो, म्हणजे खऱ्या मापाऐवजी नेहमी त्याच्या पूरक कोनाचे माप हाती येते. हे मुलांना दाखवून दिले की वाचनातील चूक हाच रेषीय जोडीचा धडा होतो, आणि कोन लघु दिसत असताना माप विशालकोनाचे आले तर आपण चुकीची बाजू वाचली हे ओळखण्याची सवय लागते. पेटीतील वर्तुळाकार कोनमापकावर उलट बाजू वाचली तर ३१० अंश असे प्रविशाल, म्हणजे १८० अंशांहून मोठ्या, कोनाचे माप येते आणि चूक लगेच उघडी पडते. वापरायला ते सोयीचे असले तरी शाळेच्या कोनमापकाचा सराव त्यातून होत नाही, म्हणून मी दोन्ही साधने आलटून पालटून वापरते.

आता विरुद्ध कोनांकडे येऊ, कारण पेटीसोबतच्या पुस्तिकेविषयी माझी मुख्य तक्रार येथे आहे. दोन पट्ट्या मध्यभागी एकमेकींवर बसवून फिरवल्या की समोरासमोरचे दोन कोन एकदमच मोठे होतात आणि एकदमच लहान होतात. हे दृश्य इतके स्पष्ट असते की ते एकरूप आहेत असे मुले स्वतःहून सांगतात. पुस्तिकेत याखाली ‘कोनमापकाने मोजून खात्री करा’ अशी सूचना आहे आणि तेथेच विषय संपवला आहे. प्रत्यक्षात मोजल्यावर एका मुलाला ६१ आणि ६०, दुसऱ्याला ६२ आणि ६० अशी मापे मिळतात, आणि मग विरुद्ध कोन ‘जवळजवळ’ समान असतात असे म्हणण्याची पाळी येते. मोजमापाने खात्री होत नाही, फक्त अंदाज बळकट होतो. खात्री युक्तिवादाने होते आणि या ठिकाणी तो युक्तिवाद सातवीतील मुलाला सहज पेलतो. चार कोनांना क्रमाने क, ख, ग आणि घ म्हणावे. क आणि ख ही रेषीय जोडी आहे, म्हणून त्यांची बेरीज १८० अंश. ख आणि ग हीसुद्धा रेषीय जोडी आहे, म्हणून त्यांचीही बेरीज १८० अंश. दोन्ही बेरजा समान आहेत आणि दोन्हींत ख आहे, तो वजा केला की क आणि ग समान उरतात. यात कोणतेही माप लागत नाही. कोन ६० अंशांचा असो, ६१ अंशांचा असो किंवा अपूर्णांकात असो, निष्कर्ष तोच राहतो.

हा युक्तिवाद अडीच हजार वर्षांच्या परंपरेतून आलेला आहे, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. विरुद्ध कोन समान असतात ही गोष्ट प्रथम प्राचीन ग्रीक विचारवंत थेलीझच्या लक्षात आली आणि तिची शास्त्रीय सिद्धता ग्रीक भूमितीकार युक्लिडने दिली, असे युक्लिडचा प्राचीन भाष्यकार प्रोक्लस नोंदवतो. युक्लिडने इ. स. पू. ३०० च्या सुमारास रचलेल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात रेषीय जोडीचे विधान १३वे आणि विरुद्ध कोनांचे विधान १५वे आहे, म्हणजे दुसरे विधान पहिल्याच्या आधारावर उभे केलेले आहे. पुस्तिकेच्या लेखकाने एवढा एक परिच्छेद जरी दिला असता तरी पाहणे, मोजणे आणि सिद्ध करणे या तीन वेगवेगळ्या क्रिया आहेत हे मुलांच्या लक्षात आले असते. नववीत ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ (दिलेले काय, दाखवायचे काय आणि त्याचा युक्तिवाद) असे लिहायची वेळ येते तेव्हा मुले बावरतात, याचे कारण दोन वर्षे त्यांच्याकडून फक्त मोजून घेतलेले असते.

पेटीचा सर्वांत सरस भाग समांतर रेषा आणि छेदिका यांचा आहे. दोन पट्ट्या आणि त्यांना आडवी छेदणारी तिसरी पट्टी अशी जोडणी केली की आठ कोन तयार होतात. त्यांत संगत कोनांच्या चार जोड्या, आंतरव्युत्क्रम कोनांच्या दोन, बाह्यव्युत्क्रम कोनांच्या दोन आणि छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांच्या दोन जोड्या असतात. संगत कोन म्हणजे छेदिकेच्या एकाच बाजूचे आणि आपापल्या रेषेपाशी सारख्याच जागी असलेले कोन; व्युत्क्रम कोन वेगवेगळ्या रेषांपाशी, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना असतात, दोन रेषांच्या आत असले तर आंतर आणि बाहेर असले तर बाह्य. ही नावे मुलांना पाठ असतात, पण एक मूलभूत गोष्ट त्यांना सहसा सांगितलेली नसते: ही नावे कोनांच्या जागेवरून पडलेली आहेत, मापांवरून नाही. दोन रेषा समांतर नसल्या तरी संगत कोन संगतच राहतात, फक्त ते एकरूप राहत नाहीत. शिकवण्यांना नव्याने येणाऱ्या मुलांना ‘संगत कोन म्हणजे काय’ असे विचारले तर ‘जे समान असतात ते’ हे उत्तर ठरलेले असते. या पेटीत एका पट्टीचा नट सैल करून ती थोडी कलती केली की तीच जोडी, तेच नाव, पण मापे वेगळी, हे एका क्षणात दाखवता येते, आणि फळ्यावर खडूने दहा आकृत्या काढूनही जे साधत नाही ते साधते.

येथे मी पेटीबाहेरचा एक प्रयोग जोडते. दोन स्क्रूंमधील अंतर १० सेंटीमीटर ठेवायचे, एका छेदनबिंदूपाशी कोन ७० अंशांचा आणि दुसऱ्यापाशी त्याचा संगत कोन ७५ अंशांचा करायचा. पट्ट्यांकडे पाहून त्या समांतर नाहीत असे कोणी म्हणत नाही, कारण पाच अंशांचा फरक ३० सेंटीमीटर लांबीत फारसा जाणवत नाही. मग ती जोडणी शहाबादी फरशीवर ठेवून दोन्ही काळ्या रेघा लांब दोरा ताणून खडूने पुढे वाढवायच्या. एक मीटरपेक्षा थोड्या अधिक अंतरावर त्या रेषा एकमेकींना मिळतात. तेथे जो लहानसा कोन होतो तो ५ अंशांचाच असतो, म्हणजे संगत कोनांच्या मापांतील फरकाएवढा; बाह्यकोनाचे प्रमेय शिकल्यावर मुलांना त्याचे कारणही सांगता येते. संगत कोन समान असतील तर तो फरक शून्य होतो आणि रेषा मिळण्याचे ठिकाणच उरत नाही. फरशीवरचे ते लांबलचक टोक पाहिल्यावर समांतर म्हणजे ‘समांतर दिसणाऱ्या’ असे उत्तर मुलांकडून पुन्हा येत नाही.

पुस्तिकेतील दुसरी उणीव गुणधर्म आणि कसोटी यांच्या सरमिसळीची आहे. रेषा समांतर आहेत हे दिलेले असताना संगत कोन एकरूप आहेत असे म्हणणे हा गुणधर्म झाला. संगत कोन एकरूप आहेत हे दिलेले असताना रेषा समांतर आहेत असे म्हणणे ही कसोटी झाली. पुस्तिकेने दोन्ही एकाच चौकटीत, एकाच वाक्यात, ‘समांतर रेषांचे संगत कोन समान असतात व म्हणून रेषा समांतर असतात’ असे छापले आहे, आणि असे चक्राकार वाक्य नववीच्या उत्तरपत्रिकेत लिहिले तर गुण जाणारच. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. युक्लिडच्या रचनेत कसोटी आधी, २७व्या व २८व्या विधानांत येते आणि तिला समांतर रेषांविषयीच्या प्रसिद्ध पाचव्या गृहीतकाची (छेदिकेच्या एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८० अंशांहून कमी असेल तर रेषा त्या बाजूला मिळतात) गरज लागत नाही. गुणधर्म २९व्या विधानात येतो आणि तेथे ते गृहीतक प्रथमच वापरावे लागते. दोन विधाने एकमेकांची उलट दिसत असली तरी त्यांचे पाये वेगळे आहेत. पेटीत मात्र दोन्ही दिशांनी काम करण्याची सोय आहे: आधी पट्ट्या समांतर बसवून कोन मोजता येतात, किंवा आधी कोन समान करून मग पट्ट्यांमधील लंबांतर दोन ठिकाणी मोजून त्या समांतर झाल्या की नाही ते तपासता येते. साहित्य चांगले आणि त्याची माहिती देणारा मजकूर कच्चा, अशी येथील स्थिती आहे.

ज्यांना ही पेटी परवडत नाही त्यांच्यासाठी सोलापुरात याच धड्याचे साधन घरोघरी आहे. माझ्याकडे येणारी पूर्व भागातील अनेक मुले यंत्रमागाशी संबंधित घरांतली आहेत, घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारी आहेत, आणि ताणा व बाणा (कापडातले उभे व आडवे धागे) हे शब्द त्यांना छेदिकेच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहेत. कापडात ताण्याचे सगळे धागे परस्परांना समांतर असतात आणि बाण्याचा धागा त्यांना काटकोनात छेदत जातो. विरळ विणीच्या कापडाचा एक चौकोनी तुकडा घेऊन त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे तिरके ओढले, की धागे समांतरच राहतात पण काटकोन मोडतो. एका जागी लघुकोन आणि त्याच्या शेजारी विशालकोन तयार होतो, आणि प्रत्येक छेदनबिंदूपाशी तीच दोन मापे पुन्हा पुन्हा येतात. एका छेदनबिंदूवरचा एकच कोन ७० अंशांचा आहे हे कळले की तुकड्यातील प्रत्येक कोन ७० किंवा ११० अंशांचा आहे, हे मुलांनी धाग्यावर बोट ठेवून सांगितलेले आहे. लाकडी पट्ट्यांत एक छेदिका आणि आठ कोन दिसतात; कापडात असंख्य छेदिका आणि तरीही दोनच मापे दिसतात, आणि त्यामुळे एक कोन दिला की बाकी सगळे कसे काढता येतात हे अधिक ठळकपणे समजते.

त्रिकोणाचा भाग पुस्तिकेत थोडक्यात उरकला आहे. कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका सरळ रेघेवर लावायचे आणि बेरीज १८० अंश झाली असे पाहायचे, एवढीच कृती दिली आहे. ती आनंददायी आहे यात शंका नाही, पण फाडलेल्या कागदात एखाद्या अंशाची फट कोणालाही दिसत नाही, म्हणून हाही केवळ अंदाजच राहतो. खरे तर आधीच्याच भागातील सामग्री येथे वापरता आली असती: त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर पट्टी बसवली की पायापाशी असलेले दोन्ही कोन आंतरव्युत्क्रम कोनांच्या रूपाने वर येतात आणि तिसऱ्या कोनासह सरळ कोन पूर्ण करतात. पाच पट्ट्या पेटीत आहेत, या जोडणीला चारच लागतात, तरीही पुस्तिकेत तिचा उल्लेख नाही. ही जोडणी करून दाखवल्यावर बाह्यकोन हा त्याच्या दोन्ही दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेएवढा का असतो, हे मुले वेगळे शिकवावे न लागता ताडतात. वरच्या इयत्तेतील जिज्ञासू मुलांना मी पृथ्वीचा गोलही दाखवते: उत्तर ध्रुवावरून ९० अंशांच्या अंतराने निघालेली दोन रेखावृत्ते विषुववृत्ताला काटकोनात मिळतात, त्यामुळे त्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज २७० अंश भरते. १८० अंशांचा नियम सपाट पृष्ठभागावरील समांतर रेषांच्या गुणधर्मावर उभा आहे, हे त्यातून कळते, आणि आधीच्या प्रकरणाला एवढे महत्त्व का द्यायचे याचेही उत्तर मिळते.

एका बिंदूभोवतालच्या कोनांची बेरीज ३६० अंश असते, यासाठी पत्त्यांवर पाच किरणांची एक आकृती आहे. मी तिच्याऐवजी सोलापुरातील सात रस्ता चौकाचे नाव घेते आणि एका बिंदूतून सात किरण काढायला सांगते. सातही कोन सारखे हवेत असा आग्रह धरला की प्रत्येक कोन ५१ पूर्णांक ३ सप्तमांश अंशांचा येतो, कोनमापकावर ती खूण सापडत नाही, आणि ३६० ला १ ते १० मधील सात सोडून प्रत्येक संख्येने भाग जातो हे मुलांच्या ध्यानात येते. साठ हा आधार मानून गणना करणाऱ्या प्राचीन बाबिलोनी परंपरेपर्यंत वर्तुळाचे हे ३६० भाग कसे जातात, हे सांगण्यास ती योग्य वेळ असते.

मोबाइलवर मिळणाऱ्या ‘जिओजेब्रा’ या मोफत साधनाशी या पेटीची तुलना पालक नेहमी करतात. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात त्याची सुरुवात केली आणि आज शाळेच्या भूमितीसाठी ते उत्तम साधन आहे, असे माझे मत आहे. त्यात बिंदू ओढला की रेषा हलते, कोनांची मापे त्याच क्षणी बदलतात आणि मोजण्यातील चूक उरत नाही. समांतर रेषांचा भाग त्यात पेटीपेक्षाही स्वच्छ दिसतो. पण त्यात माप आयते मिळते, आणि सातवीच्या मुलाने कोनमापक योग्य तऱ्हेने ठेवून माप वाचायला शिकणे आवश्यक असते. म्हणून सातवी-आठवीसाठी पेटी आणि नववीपासून जिओजेब्रा, असा क्रम मी सुचवेन. घरात एकच मोबाइल असेल आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर अर्थात पेटीच बरी.

टिकाऊपणाबाबत मत संमिश्र आहे. पट्ट्यांचे लाकूड चांगले आहे आणि काळी रेघ पुसटही झालेली नाही. ॲक्रिलिकच्या तुकड्यांवरील मापांची लेबले मात्र चिकटवलेली आहेत आणि पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात त्यांची कड सुटली. ती काढून तुकड्यावर कायमस्वरूपी शाईने माप लिहिणे अधिक सोयीचे ठरले, आणि काही तुकडे मुद्दाम कोरे ठेवले तर मुलांना आधी अंदाज बांधण्याचा सरावही होतो. नट काही महिन्यांच्या वापराने सैल पडतात, त्यामुळे छेदिकेच्या जोडणीत कोन दोन-तीन अंशांनी सरकतो आणि समांतर पट्ट्यांच्या प्रयोगात एवढा सरकही नडतो. हार्डवेअरच्या दुकानातून योग्य मापाचे रबरी वॉशर आणून नटाखाली घातले की हा दोष पूर्णपणे दूर होतो. निर्मात्याने ते पेटीतच द्यायला हवे होते.

शाळेसाठी किंवा शिकवणीसाठी घेणार असाल तर चार मुलांच्या गटाला एक पेटी पुरते, कारण एकाने पट्टी फिरवणे, दुसऱ्याने मापणे, तिसऱ्याने नोंद करणे आणि चौथ्याने कारण सांगणे अशी कामाची वाटणी नीट होते. घरी एकट्या मुलासाठी घ्यायची असेल तर सोबत बसणारे मोठे माणूस हवे. पुस्तिका त्याची जागा घेऊ शकत नाही. खरेदी करताना दुकानातच पेटी उघडून तीन गोष्टी पाहाव्यात: कोनमापकाचे भोक स्क्रूवर घट्ट बसते का, पट्टीवरील काळी रेघ भोकांच्या अगदी मध्यातून जाते का, आणि गुण्यांचे काटकोन खरे आहेत का. शेवटची तपासणी सोपी आहे: गुण्याची एक बाजू पट्टीला टेकवून उभी रेघ ओढावी, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर काटकोन बरोबर आहे. त्यांच्यात फट दिसली तर काटकोनातील चूक त्या फटीच्या कोनाच्या निम्मी आहे, आणि तो गुण्या दुकानदाराकडून तेथेच बदलून घ्यावा.